पाठीवरची बेगमी

आमच्या सांगलीत जुलै लागला की दोन माणसं भेटल्यावर पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो. "आयर्विनला किती?" असं विचारतात. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा १९२९ सालचा पूल. तिथं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ वर गेलं की धोका. हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात.

आमचं घर गावभागात. स्वयंपाकघराच्या चौकटीशेजारी भिंतीवर तांबड्या ऑइलपेंटची एक रेघ आहे आणि रेघेखाली बाबांच्या अक्षरात '२००५' असं लिहिलंय. त्या वर्षीच्या पुरात आयर्विनला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं आणि आमच्या घरात माझ्या कमरेएवढं आलं होतं. पुढची चौदा वर्षं ती रेघ म्हणजे आमच्यासाठी पुराची शेवटची पायरी होती. याच्यावर पाणी येत नाही, असं कुणी मोठ्यानं म्हणालं नव्हतं, पण घरातलं सगळं सामान त्याच हिशोबानं लागत गेलं. फ्रिजखाली विटा आल्या, मीटर वर सरकला, पुस्तकांचं कपाट वरच्या मजल्यावर गेलं.

२०१९ च्या नागपंचमीला पाणी चढत होतं. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून आईनं पुरणाची दिंडं उकडली होती आणि ती खाता खाताच आम्ही सामान चढवत होतो. गाद्या, तांदळाचे डबे, मिक्सर. पत्र्याची एक ट्रंक होती. तिच्यात घराची कागदपत्रं, माझ्या गुणपत्रिका, बाबांची पेन्शनची फाइल, विम्याचे कागद आणि फोटोंचे अल्बम असं आमचं सगळं कागदी आयुष्य होतं. ती जड होती. लाकडी जिन्यावरून वर न्यायची तर दोन दमदार माणसं हवीत. बाबा म्हणाले, "जेवायच्या टेबलावर ठेवा. रेघेच्या वर चांगली हातभर जाते." मीही तेच म्हणाले. टेबलावर पाट ठेवला आणि पाटावर ट्रंक.

ज्यांनी पूर पाहिला नाही त्यांना वाटतं, पाणी रस्त्यावरून वाहत दारात येत असेल. आमच्याकडे ते आधी न्हाणीघराच्या जाळीतून वर येतं. गटार उलटं फिरतं. पहाटे आईनं हाक मारली तेव्हा अंगणात पाणी नव्हतं, पण मोरी भरलेली होती. दुपारपर्यंत खालच्या खोल्या गेल्या. संध्याकाळी मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर उभी राहून विजेरीच्या उजेडात ती तांबडी रेघ शोधत होते. ती दिसत नव्हती. पाणी तिच्यावरून गेलं होतं आणि अजून चढतच होतं.

त्या वर्षी आयर्विनला पाणी ५७ फूट ६ इंचांवर गेलं.

वरच्या मजल्यावर आम्ही दोन रात्री काढल्या. नळ बंद, वीज बंद, फोन मेलेले. प्यायचं पाणी दोन कळश्या. आई वाटीनं मोजून द्यायची, आणि बाबांना देताना स्वतःची वाटी अर्धीच भरायची, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. पन्हळीखाली पातेलं धरून पावसाचं पाणी घेतलं ते भांडी विसळायला. तिसऱ्या दिवशी होडी आली. होडीतला जवान खालून ओरडून सांगत होता, "फक्त माणसं. हातात मावेल तेवढंच घ्या."

त्या दोन मिनिटांत आम्ही तिघांनी काय उचललं, ते मी अनेकदा आठवून पाहिलंय. आईनं देव्हाऱ्यातला बाळकृष्ण रुमालात बांधून घेतला आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचला. बाबांनी ट्रान्झिस्टर घेतला. त्यात सेल नव्हते. सेल खालच्या ड्रॉवरमध्ये, पाण्यात. मी मोबाइलचा चार्जर घेतला. माणसानं घाबरल्यावर हाताला लागेल ते घेतलं, यात काही चुकलं असं मला वाटत नाही. विचार करायला त्या क्षणी जागाच नसते. तो विचार कधीतरी कोरड्या दुपारी व्हायला हवा होता, आणि आमच्या घरात तो झाला नव्हता.

शाळेतल्या निवारा केंद्रात डॉक्टर तपासायला आले. आईची रक्तदाबाची गोळी खालीच राहिली होती. "कुठली गोळी?" डॉक्टरांनी विचारलं. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. आई म्हणाली, "पांढरी. लहान. मधे रेघ असते, अर्धी मोडून घेते." डॉक्टर शांत आवाजात म्हणाले, "आजी, तशा शंभर गोळ्या आहेत." मी रोज रात्री आईला ती पट्टी हातात आणून देत होते. पट्टीवरचं नाव मी एकदाही वाचलं नव्हतं. आईचं डोकं दोन दिवस जड होतं आणि मी तिच्या उशाशी बसून होते.

पाणी उतरल्यावर घरी आलो. त्या वासाचं वर्णन करता येत नाही, ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायची गरज नाही. चिखलाची नवी रेघ तांबड्या रेघेच्या जवळजवळ चार फूट वर होती. ट्रंक तरंगून कोपऱ्यात उताणी पडली होती. मग आठवडाभर आमच्या वरच्या खोलीत वलणीवर कागद वाळत होते. ओले कागद लगेच सोडवायला गेलं की फाटतात, हे दहावीची गुणपत्रिका फाटल्यावर समजलं. मग आईनं तव्यावर पोळी सोडवतात तसं उलथण्याच्या टोकानं एकेक पान अलगद सुटं केलं आणि जुन्या धोतराच्या फडक्यात ठेवून दाबलं. खरेदीखतावरची निळी शाई पसरून ढगासारखी झाली होती. अल्बममधले फोटो एकमेकांना चिकटून एकच जाड पुठ्ठा झाला होता. माझ्या आजीचा एकुलता एक फोटो त्यात होता.

त्यानंतर बरेच महिने मी एकच गोष्ट मनात घोळवत होते. आम्ही काही बेसावध माणसं नाही. आमच्याकडे बेगमी हा शब्द आहे. कोकणात आगोट भरतात, आमच्याकडे आजी वैशाखात शेणी रचायची, जळण झाकायची, सांडगे-पापड-कुरडया डब्यात भरायची, डाळींना ऊन दाखवायची. मृगाच्या आत घर भरलेलं हवं, नाहीतर ती बाई कसली, असं मानणाऱ्या घरात मी वाढले. म्हणजे संकटाची तयारी आपल्याला बाहेरून शिकायची नाहीये. पण ही सगळी बेगमी घरात राहण्याची आहे. दार लावून चार महिने आत बसण्याची. घर सोडण्याची बेगमी आपल्याला कुणी शिकवलेली नाही. तिला आपल्याकडे शब्दसुद्धा नाही. उलट 'जायची तयारी' म्हटलं की आपल्याकडे त्याचा अर्थ काय होतो ते सगळ्यांना माहीत आहे.

म्हणूनच पुढच्या उन्हाळ्यात मी घर सोडताना उचलायची एक पिशवी भरायला काढली तेव्हा आई चिडली. "भरलेली पिशवी दाराशी टांगून ठेवायची म्हणजे पुराला आवतणच देणं झालं," ती म्हणाली. मी वाद घातला नाही. तिचा राग पिशवीवर नव्हता. जे घर तिनं चाळीस वर्षं धुतलं, पुसलं, सारवलं, ते सोडून जायचं आपण आधीच ठरवतोय, हे तिला सहन होत नव्हतं.

बाबांची गोष्ट वेगळी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते पाटण तालुक्यात मामांकडे होते. अंधारात घराबाहेर पळताना कौलांच्या ठिकऱ्यांनी त्यांचा तळपाय कापला. तेव्हापासून आजपर्यंत त्यांच्या खाटेखाली चपला असतात आणि उशाशी विजेरी. आम्ही लहानपणी त्याला बाबांची सवय म्हणायचो. ३० सप्टेंबर १९९३ ला, विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी झालं, तेव्हा बाबा पेपर हातात धरून बराच वेळ बसले होते. पूर निदान वेळ देतो. आयर्विनचा आकडा तासातासाला कळतो. भूकंप तेवढंही देत नाही, हात लांब केल्यावर जे सापडेल तेवढंच तुमचं. चपला आणि विजेरी ही या जगातली सगळ्यात लहान आपत्कालीन पिशवी आहे आणि ती आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

पहिली पिशवी मी परदेशी याद्या वाचून भरली. त्यात घडीचा सुरा, चकमक, दोर, शिट्टी, छोटा तंबू, पत्र्याच्या डब्यातलं अन्न असं सगळं होतं. धान्याच्या काट्यावर ती चौदा किलो भरली. बाबांनी पट्ट्याला धरून उचलून पाहिली आणि काही न बोलता खाली ठेवली. सत्तरीच्या माणसाला जी उचलता येत नाही, ती पिशवी त्याच्या काय कामाची? मी ती पलंगावर उपडी केली. ती यादी जंगलात वाट चुकलेल्या माणसाची होती. आम्हाला शाळेच्या खोलीत, चाळीस माणसांत, सतरंजीवर चार दिवस काढायचे होते. तिथं आम्हाला चकमक लागली नव्हती. आईच्या गोळीचं नाव लागलं होतं, बाबांचा चष्मा लागला होता, कोरडा परकर लागला होता, आणि ते कुणाजवळ मागायचं या संकोचात एक अख्खी रात्र गेली होती.

मग आम्ही तिघं बसलो आणि त्या चार दिवसांत कशासाठी जीव कासावीस झाला ते आठवत गेलो. यादी तिथून तयार झाली. आता पिशवी साडेपाच किलोची आहे. प्लॅस्टिकच्या झाकणपट्टीच्या पाकिटात कागदांच्या झेरॉक्स: आधार, रेशनकार्ड, पासबुकाचं पहिलं पान, खरेदीखत, विमा. जे डिजिलॉकरमध्ये मिळतं ते तिथं घेतलंय, पण फोन मेला की तेही गेलं, म्हणून कागद हवाच. त्याच पाकिटात एका पुठ्ठ्यावर शाईच्या पेनानं नाही, बॉलपेननं लिहिलेले नंबर. मिरजेची आत्या, पुण्याचा भाऊ, शेजारच्या काकूंचा मुलगा, आणि ११२, १०८, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७. आपल्याला आता कुणाचाच नंबर पाठ नसतो. रोख पैसे सुटे, दहा-वीस-पन्नासच्या नोटा, कारण वीज गेली की एटीएम बंद आणि पाचशेची नोट घेऊन दुकानदार काय करणार?

विजेरीत सेल घालून ठेवत नाही. पडून राहिले की ते पाझरतात आणि विजेरी आतून गंजते. सेल वेगळ्या पाकिटात, विजेरीला रबरानं बांधलेले. त्याच मापाचे सेल बाबांच्या ट्रान्झिस्टरला चालतात. हे जुळवायला मला तीन दुकानं फिरावी लागली, पण त्याचं समाधान आजही आहे. आकाशवाणी सांगली लागली आणि ओळखीच्या आवाजात पातळी सांगितली की अफवा बसतात.

खायला भडंग, फुटाणे, गुळाच्या खड्यासह शेंगदाणे, खजूर आणि सातूचं पीठ. यातलं काहीच शिजवावं लागत नाही, आणि आईबाबांना हे रोजचं आहे. सातूचं पीठ थंड पाण्यात कालवून गूळ घातला की एका वेळचं भागतं. जुलाबांसाठी जीवनरक्षक साखर-मिठाचा हिशोबही पुठ्ठ्यावर लिहिलाय: लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून अंदाजानं करायचं नाही. पिशवीत ओआरएसची पाकिटं आहेतच, हा हिशोब ती संपल्यावरचा.

पाणी हा सगळ्यात अवघड भाग. माणशी दिवसाला तीन-चार लिटर लागतं असं धरलं तर तिघांचं तीन दिवसांचं पाणी म्हणजे तीसेक किलो वजन. ते पाठीवर घेऊन कुणी चालू शकत नाही. म्हणून पाण्याचे दोन भाग केले. घरात वरच्या मजल्यावर झाकणाचे दोन मोठे कॅन, जूनपासून भरलेले, दर पंधरा दिवसांनी बदललेले. आणि पिशवीत फक्त लिटरभराच्या दोन बाटल्या, क्लोरीनच्या गोळ्या आणि आईची जुनी सुती साडी.

साडी ही आईची भर. पिशवीशी तिचं भांडण संपलं ते त्या दिवशी. मी टॉवेल, दोरी, चादर असं एकेक कोंबत होते. ती खोलीत गेली आणि धुऊन धुऊन मऊ झालेली एक साडी घेऊन आली. "ही घाल. पांघरता येते, आडोसा करता येतो, पोराला झोळी बांधता येते, पाणी गाळता येतं. तुझ्या सहा वस्तू कमी होतील," ती म्हणाली. आडोसा हा शब्द ऐकला आणि मला त्या शाळेतली खोली आठवली, जिथं बायकांना कपडे बदलायला कोपरा नव्हता. पाणी गाळण्याचं तर नंतर वाचलं. रीटा कोलवेल या शास्त्रज्ञाच्या गटानं बांगलादेशातल्या मतलब भागात काम केलं होतं. जुन्या साडीच्या चार-पाच घड्या करून पाणी गाळलं, तेव्हा तिथं कॉलऱ्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. २००३ साली ते प्रसिद्ध झालं. साडी जुनीच हवी, कारण धुऊन धुऊन धागे फुलतात आणि कापडाची भोकं बारीक होतात. गाळून झालं की वर क्लोरीनची गोळी, किंवा शक्य असेल तर पाणी उकळायचं. पुराच्या पाण्यात नुसत्या गाळण्यावर विसंबायचं नाही.

वस्तू जमल्या तरी माझ्या मते ते काम निम्मंच झालेलं असतं. उरलेलं निम्मं कागदाच्या एका ओळीत आहे, आणि ती ओळ लिहायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. कधी निघायचं?

२०१९ मध्ये आम्ही निघालोच नव्हतो, आम्हाला काढावं लागलं. आमच्यासारखी हजारो माणसं थांबली होती, आणि प्रत्येकाचं कारण खरं होतं. कुणाची म्हैस दाव्याला होती, कुणाचे वडील अंथरुणावर, कुणाला कुलपाचा भरवसा नव्हता. नदीकाठच्या गावांत जनावर सोडून माणूस निघत नाही, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. पण मग जनावराला आधी हलवायला हवं, निदान दावं तरी सोडायला हवं. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी होडी उलटली. बाराहून अधिक माणसं गेली. त्यांत बायका होत्या, लहान मुलं होती. इथून फार लांब नाही ते गाव. त्या बातमीच्या वेळी आम्ही शाळेत होतो आणि ज्यांना कळलं ते एकमेकांशी बोलेनासे झाले, कारण आम्हीही तशाच एका होडीतून आलो होतो. होडी हा शेवटचा उपाय आहे. रस्ता कोरडा असताना रिक्षानं निघता येतं, त्याला जीव धोक्यात घालावा लागत नाही.

म्हणून पुठ्ठ्यावर सगळ्यात वर बाबांनीच लिहिलं: "आयर्विन ४०, निघायचं." धोक्याच्या पातळीची वाट बघायची नाही. पाणी परत फिरलं तर मिरजेला आत्याकडे दोन दिवस जेवून परत यायचं, त्यात गेलं काय? त्याखाली निघतानाची कामं: गॅसचा रेग्युलेटर काढायचा, सिलिंडर वरच्या मजल्यावर, नाहीतर खिडकीच्या गजाला बांधायचा कारण तो तरंगतो, मेन स्विच खाली, काकूंना हाक मारायची. काकू शेजारी एकट्या राहतात. त्यांना सोडून आपण निघायचं नाही, हे आईनं लिहायला लावलं.

जुलै २०२१ मध्ये ती ओळ आम्ही पाळली. पाणी ४० वर आलं तेव्हा ऊन नव्हतं, पण रस्ते कोरडे होते. गल्लीतले दोघंतिघं म्हणाले, एवढ्यात कुठं निघालात? बाबांनी ट्रान्झिस्टर काखेत धरला होता, यावेळी सेलसकट. काकूंनी तुळशीला पाणी घालायला थांबवलं तेवढाच उशीर. त्या वर्षी आयर्विनला पाणी जवळपास ५५ फुटांवर गेलं आणि आमच्या घरात पुन्हा छातीभर आलं. आम्ही आत्याच्या माडीवर बसून बातम्या ऐकत होतो. घरातली माती आम्हाला त्याही वर्षी उपसावी लागली, भिंती त्याही वर्षी ओल्याच राहिल्या. पिशवीनं घर वाचत नाही. पण रोज रात्री नऊ वाजता आईच्या हातावर गोळी पडत होती.

त्या वर्षी खंडेनवमीला आईनं विळी, पाटा, बाबांचे पाने-हातोडे मांडले आणि त्यांच्या शेजारी खुंटीवरून काढून ती पिशवी ठेवली. हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल. मी काही विचारलं नाही, तिनंही काही सांगितलं नाही. दसऱ्याला आम्ही ती रिकामी करतो, फुटाणे-खजूर खाऊन टाकतो, गोळ्या रोजच्या डब्यात घालतो, आणि वैशाखात पुन्हा ताजं भरतो. आजीच्या सांडग्यांच्या वेळीच.

कुणी मला विचारतं, सुरुवात कुठून करू, काय विकत आणू? काही आणू नका. आज रात्री जेवण झालं की घरातल्या थोरल्या माणसाच्या गोळ्यांची पट्टी हातात घ्या, नाव आणि ताकद एका कागदावर उतरवा, कधी घ्यायची ते लिहा, आणि त्या कागदाची घडी रेशनकार्डात ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे. तयार संच विकत मिळतात, मी उघडूनही पाहिलेत. त्यात तुमच्या आईचा चष्मा नसतो. नदीकाठी नसाल, तर तुमच्याकडे काय येतं ते आधी बघा. दरडीखालच्या वाडीची पिशवी वेगळी, मुंबईत सातव्या मजल्यावर राहणाऱ्याची वेगळी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा माणसं घरात नाही, ऑफिसात आणि रस्त्यात अडकली होती. तिथं पिशवी घराच्या खुंटीवर असून काय उपयोग? ती रोजच्या झोळीत, मूठभर हवी.

बाबांनी अजून २०१९ ची रेघ मारलेली नाही. रंगाचा डबा आणून दोन वर्षं झाली. जिथं रेघ यायला हवी तिथं हात पोचायला त्यांना आता स्टूल लागेल, आणि आई त्यांना स्टुलावर चढू देत नाही.

मृगाला आठ दिवस उरलेत. काल पिशवी भरायला काढली. भडंग आलाय, क्लोरीनच्या गोळ्यांची मुदत बघितली, सेल नवे घेतले. पुठ्ठा काढून वाचला तर आईची गोळी जुनीच लिहिलेली. मार्चमध्ये डॉक्टरांनी बदलली, आता अर्धी नाही, पूर्ण, आणि रात्री नाही, सकाळी. आई शेजारीच शेंगा फोडत बसली होती. मी पट्टी तिच्याकडून घेतली, उजेडात धरली आणि बॉलपेननं एकेक अक्षर उतरवायला लागले.